कॉर्न स्नेकचे पिल्लू घरी आणण्याचा विचार आहे. त्याला हाताळण्याची सवय कशी लावावी?

प्रश्न : थेम्सकाठ

नमस्कार. आम्ही इंग्लंडमध्ये रेडिंग येथे राहतो. आमची मुलगी अकरा वर्षांची असून तिला कॉर्न स्नेक पाळायचा आहे. हा हट्ट कालपरवाचा नाही. तिच्या वर्गमैत्रिणीकडे असा साप आहे, या विषयावर मिळेल ते ती वाचत असते आणि पेटीचे तापमान, खाद्य, कात टाकण्याची लक्षणे यांविषयी ती आम्हा दोघांपेक्षा अधिक जाणते. तिच्या वडिलांची तयारी आहे. माझाही विरोध नाही. परंतु मी कोल्हापूर जिल्ह्यात वाढले, आणि साप दिसला की सर्पमित्राला बोलवायचे व नागपंचमीला गारुड्याच्या टोपलीतला नाग लांबून पाहायचा, एवढाच माझा सापांशी आलेला संबंध आहे. त्यामुळे निर्णय घेण्यापूर्वी जाणकारांकडून नीट समजून घ्यावे, असे वाटते.

ज्या ब्रीडरकडे आम्ही चौकशी केली, त्याच्याकडे यंदाच्या उन्हाळ्यात अंड्यातून निघालेली पिल्ले आहेत. पिल्लू जितके लहान तितके चांगले, लहानपणापासून रोज हातात घेतले की महिन्याभरात ते माणसाळते, असे त्याचे म्हणणे आहे. हे कितपत खरे आहे? हाताळण्याची सुरुवात केव्हा आणि कशी करावी? साप घरातल्या माणसांना ओळखू लागतो का? आणखी दोन अडचणी आहेत. आमचा धाकटा मुलगा तीन वर्षांचा आहे. शिवाय सासूबाई दरवर्षी काही महिने आमच्याकडे असतात. त्या पूर्ण शाकाहारी आहेत आणि फ्रीझरमध्ये उंदीर ठेवण्याची कल्पना त्यांना कशी सांगावी, हे मला समजत नाही.

उत्तर : मँचेस्टरकर

मी कॉर्न स्नेक आणि बॉल पायथन या दोन्ही जाती बरीच वर्षे सांभाळत आलो आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

ब्रीडरच्या सांगण्यात अर्धेच तथ्य आहे. कॉर्न स्नेक ही अमेरिकेच्या आग्नेय भागातील बिनविषारी जात असून पाळल्या जाणाऱ्या सापांमध्ये ती अतिशय शांत मानली जाते, हे खरे. मात्र हा शांतपणा बहुधा वाढ झालेल्या सापात दिसतो. अंड्यातून नुकतेच निघालेले पिल्लू २० ते ३० सेंटीमीटर लांब आणि जेमतेम काही ग्रॅम वजनाचे असते. निसर्गात पक्ष्यांपासून मोठ्या सापांपर्यंत कोणीही त्याला गिळू शकते, त्यामुळे वरून येणारी प्रत्येक मोठी हालचाल जिवावर बेतणारी आहे असे धरूनच ते वागते. शेपटी थरथरवणे, मान आखडून झेप घेण्याच्या पवित्र्यात येणे, हातावर तोंड मारणे, दुर्गंधी द्रव सोडणे हे सारे त्या भीतीतून होते आणि त्यात पिल्लाचा काही दोष नसतो. शरीर वाढते तशी ही भीती आपोआपही ओसरत जाते. आपल्या हाताळणीमुळे त्या प्रक्रियेला हातभार तरी लागतो, नाहीतर तिच्यावर पाणी तरी पडते.

म्हणून माझे स्पष्ट मत असे आहे की, अकरा वर्षांच्या मुलीचा पहिला साप पिल्लू नसावा. बंदिस्त अवस्थेतच जन्मलेला, वर्ष-दोन वर्षांचा आणि गोठवून वितळवलेले उंदीर नियमितपणे खाणारा साप पाहावा. काही पिल्ले सुरुवातीला काहीच खात नाहीत, आणि न खाणाऱ्या इवल्याशा जिवाची काळजी करण्यातच मुलीचे पहिले दोन महिने जातील. त्या काळात त्याला हातात घेणेही योग्य नसते. कॉर्न स्नेक पंधरा-वीस वर्षे सहज जगतो, त्यामुळे त्याच्या आयुष्यातले पहिले वर्ष आपल्याकडे गेले नाही म्हणून काहीही बिघडत नाही. ब्रिटनमध्ये अशा सापांसाठी नवे घर शोधून देणाऱ्या संस्था आहेत. तेथे जाऊन साप प्रत्यक्ष हातात घेऊन पाहता येतो. इंग्लंडमधील २००६ च्या प्राणी कल्याण कायद्यानुसार १६ वर्षांखालील मुलांना प्राणी विकता येत नाही आणि मुलाने पाळलेल्या प्राण्याची जबाबदारी पालकांवरच असते. मुलगी पुढे शिक्षणासाठी घराबाहेर पडेल तेव्हा साप तुमच्याकडेच राहील, हेही आताच मनाशी पक्के करावे.

आता हाताळणीविषयी. साप घरी आल्यावर पहिला आठवडाभर पाणी बदलण्यापलीकडे त्याच्या वाटेला जाऊ नये, आणि दोन-तीन वेळा त्याने व्यवस्थित खाल्ल्याशिवाय त्याला हातात घेऊ नये. माणसाळण्याचा मोठा भाग पेटीतच घडतो. पेटीच्या एका बाजूस २८ ते ३० अंश सेल्सिअस आणि दुसऱ्या बाजूस २० ते २४ अंश तापमान असावे, हीटर थर्मोस्टॅटशिवाय कधीही लावू नये आणि दोन्ही बाजूंना, वेटोळे घालून बसल्यावर अंग भिंतींना टेकेल इतकी अरुंद लपायची जागा असावी. चावरा म्हणून लोक जो साप परत करतात, त्याची पेटी पाहावी तर बहुतेकदा तीत लपायला जागाच नसते. ज्याला दिवसभर उघड्यावर राहावे लागते, त्याने हाताचा विश्वास धरावा अशी अपेक्षा करणे अन्यायाचे आहे.

हातात घेण्यापूर्वी मुलीने हात साबणाने धुवावेत, कारण बोटांना उंदराचा वास असेल तर साप हातालाच खाद्य समजतो. पेटी उघडल्यावर लगेच आत हात घालू नये. क्षणभर थांबावे, सापाची जीभ हलू लागली म्हणजे त्याला आपली चाहूल लागली आहे असे समजावे. हात वरून न आणता बाजूने, सावकाश आणावा. शरीराच्या मधल्या भागाखाली बोटे सरकवून त्याला उचलावे आणि दुसरा तळहात त्याच्या पुढे धरावा. तो पुढच्या तळहातावर सरकला की मागचा हात काढून पुन्हा पुढे आणावा. अशा रीतीने साप स्वतःच चालत राहतो आणि त्याला कोणी पकडल्याची जाणीव होत नाही. डोके धरू नये, शेपटीला धरून उचलू नये आणि हे सर्व जमिनीवर किंवा पलंगावर बसून करावे, म्हणजे हातातून सुटला तरी उंचावरून पडणार नाही. पहिल्या काही वेळा पाच मिनिटे पुरेत. पुढे आठवड्यातून दोन-तीनदा दहा-पंधरा मिनिटांपर्यंत वेळ वाढवावा. खाल्ल्यानंतर किमान ४८ तास त्याला उचलू नये, नाहीतर तो खाल्लेले ओकून टाकतो, आणि एकदा ओकल्यावर निदान दहा दिवस त्याला खायलाही देऊ नये. डोळे दुधाळ निळसर दिसू लागले की कात टाकून होईपर्यंत त्याला एकटे सोडावे. त्या दिवसांत त्याला नीट दिसत नाही आणि एरवी शांत असणारा सापही दचकून तोंड मारू शकतो.

मुलीला एकच गोष्ट शिकवायची असेल तर ती ही की, निश्चल साप आणि निवांत साप यांत फरक असतो. निवांत सापाची जीभ लांब बाहेर येऊन सावकाश वर-खाली हलते, अंग सैल असते, तो शेपटीचा वेढा बोटाभोवती हलकेच टाकतो आणि आपला भार निर्धास्तपणे हातावर सोडतो. घाबरलेल्या सापाची जीभ आत गेलेली असते, अंग ताठ होते, बरगड्यांची हालचाल भरभर होते आणि तो डोके वेटोळ्यात लपवून जागच्या जागी थिजतो. मुलांना हा थिजलेला साप आज्ञाधारक वाटतो, आणि त्याच वेळी ती त्याला कुरवाळू लागतात. हे लक्षण दिसताच त्याला पेटीत परत ठेवावे. त्याच्यावर शेपटी थरथरवण्याची वेळ येण्याआधीच थांबणे, हीच खरी सवय लावणे होय.

ओळखीविषयी सांगायचे तर, साप कुत्र्यासारखा जीव लावत नाही आणि तशी आशा मुलीने बाळगू नये. मात्र तो शिकतो. अमेरिकेतील रोचेस्टर विद्यापीठात झालेल्या प्रयोगांत कॉर्न स्नेक आसपासच्या खुणांवरून बाहेर पडण्याच्या भोकाची जागा लक्षात ठेवायला शिकले होते. रोजचा वास, रोजची चाहूल आणि त्यातून काही वाईट घडत नाही हा अनुभव यांची सांगड तो घालू शकतो, आणि माझ्या मते एवढे पुष्कळ आहे.

उत्तर : डॅलसवरून

मँचेस्टरकरांच्या बहुतेक मुद्द्यांशी मी सहमत आहे, परंतु दोन ठिकाणी माझे मत वेगळे आहे. आमच्या दोन्ही मुलांनी कॉर्न स्नेक पिल्लापासूनच वाढवले आणि रोज संध्याकाळी ठरावीक वेळी त्यांना हातात घेतले. सुरुवातीला ते अंगावर यायचे. पण रोजच्या सवयीने निवळले. पिल्लाचे दात इतके बारीक असतात की तोंड मारले तरी मुलांना फारसे जाणवत नाही, आणि मुलाची भीती मोडण्यासाठी तेच वय सोयीचे असते. दुसरे असे की, खायला देताना सापाला दुसऱ्या डब्यात ठेवावे, म्हणजे पेटीत आलेला हात हा खाद्याचा नाही हे त्याला समजते. अमेरिकेतील वाचकांनी आपापल्या राज्याचा कायदा आधी पाहावा, हेही सुचवतो. जॉर्जियासारख्या राज्यात स्थानिक बिनविषारी साप घरी ठेवता येत नाहीत आणि हवाईमध्ये तर कोणताही साप पाळण्यास बंदी आहे.

उत्तर : मँचेस्टरकर

आपल्या मुलांचे साप निवळले याचा आनंद आहे. तरीही रोज हाताळण्याचा सल्ला मी सरसकट देणार नाही, कारण ज्या पिल्लांनी या ताणामुळे खाणे सोडले त्यांचे अनुभव मंचावर कोणी लिहीत नाही. रोज हातात घेतलेले पिल्लू काही दिवसांनी तोंड मारणे थांबवते, तेव्हा ते निर्धास्त झाले आहे की प्रतिकार व्यर्थ आहे हे कळून थिजू लागले आहे, हे त्याच्या जिभेवरून आणि पुढच्या खाण्यावरूनच ठरवावे लागते. जो साप हाताळणीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भूक दाखवतो, त्याला ती हाताळणी मानवली आहे असे समजावे.

वेगळ्या डब्याची पद्धत पूर्वी सर्रास सांगितली जात असे. तिची मुख्य अडचण अशी की, खाऊन नुकत्याच पोट भरलेल्या सापाला पुन्हा उचलून पेटीत ठेवावे लागते, आणि नेमके तेव्हाच त्याला उचलू नये. लांब चिमट्याने पेटीतच खाद्य द्यावे, आणि हातात घ्यायचे असेल त्या दिवशी कागदाच्या गुंडाळीने किंवा गुळगुळीत आकड्याने त्याच्या अंगाला आधी हलकासा स्पर्श करावा. स्पर्श झाला म्हणजे खाद्य येणार नाही, हे साप फार लवकर शिकतो.

तोंड मारलेच तर हात झटकू नये. सापाचे दात मागे वळलेले असतात, त्यामुळे ओढाताण केल्यास आपली त्वचाही ओरखडते आणि त्याचे दातही तुटतात. त्याने पकडून ठेवले असेल तर हातावर गार पाणी सोडावे, तो सुटतो. त्यानंतर जखम साबणाने धुऊन जंतुनाशक लावावे आणि सापाला न रागावता, न घाईगर्दी करता परत ठेवावे.

उत्तर : पशुवैद्य, लीड्स

मी पशुवैद्य असून सरपटणारे प्राणी नियमितपणे तपासते. तीन वर्षांच्या मुलाविषयीचा प्रश्न माझ्या दृष्टीने या चर्चेतला सर्वांत महत्त्वाचा आहे.

अगदी निरोगी दिसणाऱ्या सापाच्या आतड्यातही साल्मोनेला हा पोटाचे विकार करणारा जंतू असू शकतो आणि तो विष्ठेतून अधूनमधून बाहेर पडतो. त्यामुळे एकदा केलेली तपासणी निर्दोष आली तरी तिच्यावर विसंबता येत नाही. पाच वर्षांखालील मुले, गरोदर स्त्रिया, वृद्ध आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्या व्यक्ती यांना या संसर्गाचा धोका अधिक असतो. पाच वर्षांखालील मूल असलेल्या घरात सरपटणारा प्राणी आणूच नये, अशी शिफारस अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने केली आहे. आपल्या घरात तीन वर्षांचे मूल आणि वयस्कर सासूबाई असे दोघेही आहेत, म्हणून दोन वर्षे थांबण्याचा विचार करावा, असे मी प्रामाणिकपणे सुचवते. तोवर मुलीला मैत्रिणीकडचा साप तिच्या पालकांच्या देखरेखीखाली हाताळता येईल. लक्षणे ओळखण्याचा सराव तेथेही होतोच.

थांबायचे नसेल तर काही गोष्टींत तडजोड नको. पेटी मुलीच्या खोलीत, कुलूप लावलेली असावी. कॉर्न स्नेक झाकणाच्या फटीतूनही निसटतो. साप स्वयंपाकघरात आणि जेवणाच्या टेबलावर कधीही येऊ नये, त्याची भांडी स्वयंपाकघरातील बेसिनमध्ये धुऊ नयेत आणि सापाला तोंडाजवळ धरून छायाचित्रे काढू नयेत. हात धुण्याचा नियम हाताळण्यापूर्वीइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, हाताळल्यानंतर पाळावा. धाकट्याने सापाला हात लावू नये. पाहायचे असेल तर काचेतून पाहावे.

खाद्याचे उंदीर हेही संसर्गाचे साधन आहे, ही गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. ब्रिटनमध्ये गोठवलेल्या खाद्य-उंदरांतून साल्मोनेलाची साथ पसरल्याचे आरोग्य यंत्रणेने शोधून काढले होते. गोठवल्याने हा जंतू मरत नाही. त्यामुळे सासूबाईंचा आक्षेप केवळ भावनेचा मानू नये. स्वच्छतेच्या दृष्टीनेही तो रास्तच आहे. गॅरेजमध्ये किंवा अन्यत्र एक लहान वेगळा फ्रीझर ठेवावा, वितळवण्यासाठी वेगळे भांडे व वेगळा चिमटा असावा आणि मायक्रोवेव्हचा वापर मुळीच करू नये. ज्या घरात हे शक्य नाही, किंवा ज्यांच्या मनाला सापासाठी उंदीर आणणे पटत नाही, त्यांनी साप पाळू नये. सापाला दुसरे काही खाऊ घालून भागवता येत नाही.

थेम्सकाठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. थांबण्याचा सल्ला मुलीला वाचून दाखवला. ती हिरमुसली, पण थिजलेल्या सापाविषयीचा भाग तिने दोनदा वाचला आणि मैत्रिणीचा साप पुष्कळदा तसाच बसतो असे सांगितले. आम्ही धाकटा पाच वर्षांचा होईपर्यंत थांबू आणि मग मोठा साप शोधू, असे सध्या ठरत आहे.

यातून आणखी एक प्रश्न निघाला. कोल्हापूरकडे राहणाऱ्या माझ्या भाच्याने हे ऐकून शेतात सापडणारे धामणीचे पिल्लू लहानपणापासून वाढवता येईल का, असे विचारले आहे. तो चौदा वर्षांचा आहे. शिवाय आम्ही दर दोन वर्षांनी तीन आठवड्यांसाठी भारतात येतो, त्या काळात सापाची व्यवस्था कशी करावी?

उत्तर : सर्पमित्र, सांगली

ताई, भाच्याला आजच नाही म्हणून सांगा. धामण, नाग, अजगर यांसारख्या आपल्या सापांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. त्यांना पकडणे आणि घरी बाळगणे हा गुन्हा आहे. आम्ही सर्पमित्रही पकडलेला साप घरी ठेवत नाही; वन विभागाला कळवून त्याला योग्य अधिवासात सोडतो. बॉल पायथनसारखे परदेशी अजगरही कागदपत्रांशिवाय ठेवता येत नाहीत. २०२४ च्या नियमांनुसार साइट्स या वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरील करारातील अशा प्राण्यांची नोंद केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते.

कायदा क्षणभर बाजूला ठेवला तरी धोका आहेच. शेतात सापडलेले पिल्लू कोणत्या जातीचे आहे हे चौदा वर्षांच्या मुलाने ठरवू नये. घोणसीच्या पिल्लाला अजगराचे पिल्लू समजून हातात घेतल्याचे आणि विषारी मण्यारीला बिनविषारी कवड्या साप समजल्याचे प्रकार आपल्याकडे वारंवार घडतात. विषारी सापाचे पिल्लू जन्मापासूनच विषारी असते आणि आकार लहान म्हणून दंश सौम्य असेल असे मुळीच नाही. धामण बिनविषारी खरी, पण ती दोन मीटरहून अधिक वाढते, अत्यंत चपळ आणि बुजरी असते आणि पेटीत काचेवर तोंड आपटून स्वतःला जखमी करून घेते. पिढ्यान्पिढ्या बंदिस्त अवस्थेत वाढलेला कॉर्न स्नेक आणि बांधावरून उचललेली धामण यांना एका मापाने मोजता येणार नाही. ती शेतात राहून उंदीर खाते, हेच तिचे खरे स्थान आहे.

आपल्याकडे अनेकांच्या मनात माणसाळलेला साप म्हणजे गारुड्याच्या टोपलीतला नाग असतो, म्हणून त्याविषयी लिहिणे मला भाग आहे. त्या नागांचे विषदंत तोडलेले असतात, काहींची विषग्रंथी काढलेली असते, कित्येकांचे तोंड शिवलेले असते आणि नागपंचमीपूर्वी त्यांना बरेच दिवस उपाशी व तहानलेले ठेवले जाते. तहानेने व्याकूळ झालेला नाग समोरच्या वाटीतले दूध पितो आणि लोक हात जोडतात. दूध त्याला पचत नाही, आणि असे बहुतेक नाग पुढे काही आठवड्यांतच मरतात. वर मँचेस्टरकरांनी निश्चल आणि निवांत सापांतला जो फरक सांगितला, तो आपण सर्वांनी लहानपणी टोपलीत पाहिलेला आहे. आमच्या जिल्ह्यातील बत्तीस शिराळ्याच्या नागपंचमीत जिवंत नाग पकडून मिरवण्यास उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये मनाई केली, ती याच कारणाने योग्य होती, असे माझे मत आहे. गावकऱ्यांची श्रद्धा मला ठाऊक आहे आणि तिचा मी आदरच करतो.

भाच्याची आवड मात्र मारू नका. त्याला पुण्याला कात्रजच्या सर्पोद्यानात घेऊन जा. गावातल्या अनुभवी सर्पमित्राकडून त्याने लांबून पाहून साप ओळखायला शिकावे. हाताळणे त्याच्या वयाला नको.

उत्तर : मँचेस्टरकर

तीन आठवड्यांच्या प्रवासाविषयी थोडक्यात सांगतो. वाढ झालेला कॉर्न स्नेक दहा ते चौदा दिवसांनी खातो, त्यामुळे निघण्यापूर्वी तीन-चार दिवस आधी त्याला खायला द्यावे. मध्ये एखादी वेळ चुकली तरी निरोगी सापाला अपाय होत नाही. पाणी आणि तापमान यांसाठी मात्र दर दोन दिवसांनी कोणीतरी येणारे हवे, आणि त्या व्यक्तीने सापाला उचलू नये. पिल्लाला दर पाच ते सात दिवसांनी खायला लागते, म्हणून त्याच्या बाबतीत हे जमत नाही. मोठा साप घेण्याचे हे आणखी एक कारण. परत आल्यावर मुलीने पूर्वीइतका वेळ लगेच हातात घेण्याची घाई करू नये. आधी एकदा खाऊ द्यावे, दोन दिवस जाऊ द्यावेत आणि पाच मिनिटांपासून पुन्हा सुरुवात करावी. जुन्या सापाला पूर्वीच्या सवयीवर यायला सहसा फार दिवस लागत नाहीत.